मदत हवी आहे : बालीतील निवासी योगशिक्षक प्रशिक्षण आणि व्हिसाची मुदत

उबुद येथील २०० तासांच्या निवासी योगशिक्षक प्रशिक्षणासाठी मी पुढील महिन्यात मुंबईहून देनपसारला पोहोचणार आहे. भारतीय पासपोर्टवर तेथे उतरल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि एकदाच वाढवता येतो. अभ्यासक्रम २८ दिवसांचा असला, तरी मी तीन दिवस आधी पोहोचत असल्याने मुदतवाढ अटळ आहे, कारण तिकीट बदलता येत नाही. संस्थेला दोनदा विचारले, तेव्हा ‘सगळे पर्यटक म्हणूनच येतात’ एवढेच मोघम उत्तर मिळाले. तेथे शिकवण्याचा वा कमावण्याचा माझा हेतू नाही. वर्ग रविवारखेरीज दिवसभर असतात. अशा प्रशिक्षणासाठी हाच व्हिसा चालतो, की वेगळा आधीच काढावा लागतो, आणि मुदतवाढीसाठी इमिग्रेशन कार्यालयात आपणांस स्वतः किती वेळा जावे लागले?