व्यवसाय : इतर (छापून आलेल्या कथालेखकांचे रोजचे अनुभव)

शेवंती_०७
आज बँकेत केवायसीला गेले होते. खिडकीवरचा मुलगा चांगला होता, पंचविशीचा. "काकू, व्यवसाय?" म्हटलं, लेखक. त्याने यादी वर-खाली केली. शेतकरी आहे, गृहिणी आहे, निवृत्त आहे, लेखक नाही. "गृहिणी टाकू की इतर?" इतर टाक बाबा.

रिक्षात बसल्यावर एकदम २००९ आठवलं. पहिला कथासंग्रह, किंमत १०० रुपये, रॉयल्टी दहा टक्के. वर्षात ११४ प्रती गेल्या आणि ११४० रुपयांचा चेक आला. लिखाणाचा पहिला चेक! देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि बँकेत गेले, तर बँक घेईना. पुस्तकावर माहेरचं नाव, खात्यावर सासरचं. मॅडम म्हणाल्या, ही बाई तुम्हीच कशावरून? लग्नाचं सर्टिफिकेट आणा नाहीतर चेक बदलून आणा. सर्टिफिकेट काढलेलंच नव्हतं, आणि प्रकाशकांना फोन करायची लाज वाटली. अकराशे रुपयांसाठी त्यांना किती पिडायचं! तेव्हा चेक सहा महिने चालायचा. ते सहा महिने उलटून गेले. चेक अजून फायलीत आहे, कुंकवाच्या डागासकट.

तर लिहा तुमचे. पुरस्कार आणि प्रकाशन समारंभ नकोत, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. रोजचं लिहा.

घाटपायथा
माझा आकडा ३८०. जिंकलो.

घाटपायथा
आणि तेही रोख नाही. "त्या रकमेची तुमचीच पुस्तकं घ्या, चाळीस टक्के सूट देतो." घेतली. आता माळ्यावर मीच माझा वितरक. बायको म्हणते मे महिन्यात आंब्याच्या पेट्या तिथं ठेवायच्यात, तेवढ्यात काय ते विका.

चहाटळ
शेवंतीताई, कुंकवाचा डाग वाचून पोटात कालवलं.
माझं दुःख वेगळं. कथेत एक नणंद होती, जरा खडूस. माझ्या दोन्ही नणंदांनी स्वतंत्रपणे फोन करून विचारलं, "ती मीच ना गं?" खरं सांगायचं तर ती माझी बॉस होती. बॉसने वाचली आणि म्हणाली, "काय मस्त रंगवलीस गं ती नणंद, असतात बाई अशा बायका!"

पाटावरची_भाकर
चहाटळ :हाहा:
आमच्याकडं उलटं. चुलत्याला राग आला की मी त्याला कथेत घेतलाच नाही. "सगळ्या गावाचं लिव्हलंस, मी काय मेलो हुतो?"

खाडाखोड
प्रुफांवर कुणी लिहिलं नाही अजून? मी युनिकोडमध्ये फाइल दिली, तिकडे जुन्या फाँटमध्ये ओतली. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'कोऱ्या'चं 'कोर्या', २१२ पानं. तीन वेळा प्रुफं पाहिली, तिसऱ्या वेळी आधीच्या दुरुस्त्या गायब, कारण फाइल पहिलीच उघडलेली. शेवटी मीच जाऊन ऑपरेटरशेजारी स्टुलावर बसले, दोन दिवस. डबा घेऊन. तो बिचारा एकीकडे लग्नपत्रिका लावत होता.
तरी एक राहिलंच. "तो खिन्न होऊन बाहेर पडला" हे छापलं गेलं "तो भिन्न होऊन बाहेर पडला". परीक्षणात त्याच वाक्याचं कौतुक आलं, 'विलग होण्याची जाणीव एका शब्दात'. मी गप्प बसले. दुसऱ्या आवृत्तीत काय करायचं हा प्रश्न होता, पण दुसरी आवृत्तीच आली नाही. सुटले.

घाटपायथा
भिन्न ठेवा. खिन्न सगळेच होतात.

दुपारची_झोप
छान धागा. माझीही कादंबरी तयार आहे, ४०० पानं. प्रकाशक सुचवा ना.

खाडाखोड
@दुपारची_झोप पैसे मागत असतील तर आधी विचारा प्रती किती, त्या कुणाकडे राहणार आणि दुकानात कोण पोचवणार. माझ्या मैत्रिणीने ३०० प्रतींचे पैसे भरले, टेम्पोने २८० घरी आल्या. करार मात्र करा, साधा का होईना.

घाटपायथा
करार म्हटलं की स्टॅम्प पेपर. ऑक्टोबर २०२४ पर्यंत शंभरात व्हायचं, आता पाचशेचा लागतो. माझी रॉयल्टी वर सांगितलीच आहे.

बेरीज_वजाबाकी
मी लेखक नाही, सीए आहे, पण बायको लिहिते म्हणून माहीत. आयकरात लेखकांसाठी एक सवलत आहे. साहित्यिक पुस्तकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट मिळते, जुन्या करप्रणालीत. लेखकांना सहसा माहीत नसतं.

चहाटळ
तीन लाख!! थांबा, बसून घेते.

पाटावरची_भाकर
सरकारला वाटतंय आपण लपवून ठेवलंय.

कंदील
दिवाळी अंकाचं लिहिते, कुकर लावलाय तोवर. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाची दिवाळी जूनमध्येच सुरू होते. बाहेर धो धो पाऊस, कपडे वाळत नाहीत, आणि संपादकांचा फोन, "३१ जुलैपर्यंत द्या, तीन हजार शब्द, जरा प्रसन्न असू द्या." मी प्रसन्न लिहितच नाही हो. एका वर्षी चार अंकांना हो म्हटलं, त्यात मुलाची दहावी. चौथी कथा गच्चीत टॉर्चच्या उजेडात संपवली, कारण लाइट गेलेले आणि कुरियर सकाळी साडेनऊला.
अंक आला. माझी म्हातारी पान ९६ वर मरायला टेकली, आणि खाली 'उर्वरित पान १८२ वर'. १८२ वर गेले तर तिच्या शेजारच्या कॉलमात वृश्चिक राशीचं वार्षिक भविष्य. आर्थिक भरभराटीचे योग. म्हातारी गेली, वृश्चिकवाल्यांचं बरं झालं.
मानधन होळीला आलं. एका ठिकाणचं आलंच नाही, पण पुढच्या जूनमध्ये त्यांचाच फोन, "यंदाही हवीय हं कथा." आणि मी दिली! का दिली ते मला विचारू नका. शिट्टी झाली, जाते.

म्हापसेकर_बाजार
आमची गोव्यातली गंमत म्हणजे इथे विचारतात, कोंकणीतून कित्याक बरयना (का लिहीत नाही)? पुण्यात गेलं की म्हणतात, "अय्या, किती गोड मराठी बोलता तुम्ही!" सत्तावीस वर्षं मराठीत लिहितो आहे बाये.

कंदील
@म्हापसेकर_बाजार कुकर उतरवला. तुमच्याकडचं सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, लोणचं कुणी पाठवतं का कुरियरने?

म्हापसेकर_बाजार
पाठवतात, पण फुटतं. पुस्तकं बरी, सांडत नाहीत.

टपालहंशील
पुस्तकं पाठवायचं म्हणताय तर रडून घेतो. मी माझ्या प्रती स्वतः पोस्टाने पाठवायचो. रजिस्टर्ड बुकपोस्ट स्वस्त पडायचं, आणि पोस्टातल्या ताई मला पाहिलं की शिक्का काढूनच ठेवायच्या. डिसेंबर २०२४ ला ते बंद झालं. मी रांगेत उभा, हातात अकरा पाकिटं, ताई म्हणाल्या "आता स्पीड पोस्ट नाहीतर पार्सल." १५० रुपयांचं पुस्तक, हंशील ऐकून वाचक म्हणाला राहू दे, पीडीएफ आहे का?
ऑक्टोबरमध्ये भाषेला अभिजात दर्जा मिळाला होता. पेढे मीच वाटले होते.

नारळ_शाल
२७ फेब्रुवारी. मराठी भाषा गौरव दिन. वर्षातला एकच दिवस मला पाच ठिकाणी बोलावतात, आणि पाचही त्याच दिवशी. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. गाडीभाडं विचारलं की पलीकडचा माणूस दुखावतो. घरात शाली किती झाल्या ते सासूबाईंना माहीत, त्या वाटत असतात. नारळांच्या वड्या करते, पण दर वेळी पाक पुढे जातो आणि दगड होतात. कुणाला जमतात?

चहाटळ
साखर नारळाच्या पाऊणपट घ्या, थोडी साय घाला. कडा सुटायला लागल्या की लगेच गॅस बंद.

पाटावरची_भाकर
कडेला पांढरं दिसाया लागलं की उतरा. मला पोरांचा किस्सा सांगायचाय.
पुरुषोत्तम करंडकाच्या, त्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, दिवसांत एका कॉलेजच्या पोरीचा फोन, "सर, तुमच्या कथेवर एकांकिका बसवलीय." बसवलीय! म्हटलं परवानगी? म्हणाली, "म्हणून तर फोन केला, परवा प्रयोग आहे." शेवट बदलला होता. मी चिडून तालमीला गेलो, यष्टीनं. पोरांनी मला मधी बसवून वडापाव खायला घातला. शेवट माझ्यापेक्षा बरा होता. परवानगीच्या कागदावर सही केली, 'मानधन : निरंक' असं त्यांनी आधीच टाइप करून आणलेलं.

मुक्काम_पोस्ट
वाचनमात्र होते, आज लिहिते.
नवऱ्याच्या बदलीमुळे एका तालुक्याच्या गावी होतो. तिथलं वाचनालय 'ब' वर्गातलं, पंखा एकच, तो ग्रंथपालांच्या डोक्यावर. सभासद झाले, ओळख दिली नाही. कपाटात माझी कादंबरी दिसली. पुठ्ठा बाइंडिंग केलेली, मुखपृष्ठ गेलेलं, पाठीवर शाईने नंबर. मागचा तारखांचा कागद पाहिला. ४१ शिक्के. कागद भरल्यावर त्याच्याखाली दुसरा चिकटवलेला. तोवर मला वाटायचं, आई आणि प्रुफं तपासणारे गृहस्थ सोडून ती कुणी वाचलेली नाही.
आत पेन्सिलने कुणीतरी माझे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले होते, सगळे बरोबर. आणि शेवटच्या पानावर, वेगळ्या अक्षरात, 'हिने परत जायला नको होतं.'
मी ती कादंबरी घरी नेली. आपल्याकडे वाचनालयातल्या वाचनाचा लेखकाला पैसा मिळत नाही, काही देशांत मिळतो म्हणे. ते तेव्हा सुचलंही नाही. रात्री नवऱ्याला ते वाक्य दाखवलं, तो म्हणाला, "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं." खरंच सांगितलं होतं. मला राग आला होता.
सात दिवसांनी परत केली. ४२ वा शिक्का माझा.

खाडाखोड
...

टपालहंशील
मुक्काम_पोस्ट, ती खोडून पुन्हा लिहाल का? म्हणजे ती परत न जाता?

मुक्काम_पोस्ट
नाही. ती जातेच. मीही गेले असते.

दुपारची_झोप
प्रकाशकाचं कुणी सांगितलं नाही.

शेवंती_०७
सगळ्यांना वाचतेय, उत्तरं सावकाश देते. दुपारी बँकेतून त्या मुलाचा फोन आला. "काकू, तुमचा फॉर्म रिजेक्ट झालाय, सही जुळत नाही." पुन्हा गेले, पाहिलं, तर मी पुस्तकावर करते ती सही ठोकून आले होते. माहेरच्या नावाची. सवयीने.
आता पुन्हा आधार, पॅन आणि दोन फोटो.

बेरीज_वजाबाकी
लग्नाचं सर्टिफिकेटही काढून ठेवा आता.

घाटपायथा
आणि तो २००९ चा चेक फ्रेम करा. माझ्याकडे फ्रेम करायला पुस्तकंच आहेत.

नारळ_शाल
वड्या झाल्या. साय घातली होती. या वेळी दगड नाही, पण सुटत नाहीयेत, चमच्याने खातोय.