पिवळी मारबत फोटोत सपाट दिसते, काय करू?

मिरवणूकवेडा
नागपूरच्या तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीचे फोटो एडिट करतोय; मारबत म्हणजे त्यात निघणारी भली मोठी मूर्ती. इतवारीच्या गल्लीत भर दुपारी काढले, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही आहेत. पिवळ्या मारबतीचा चेहरा नुसता पिवळा पत्रा वाटतो. गालाचा उंचवटा नाही, हारांच्या सावल्या नाहीत. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या काठाला टेकलेला नाही, मग तपशील गेला कुठे? हायलाइट्स (उजळ भाग) खाली ओढले तर पिवळा मळकट होतो. खाली उभी पोरं मात्र काळीठिक्कर. मंडळाला प्रिंट द्यायचेत. सांगा ना कोणी.

महालकर
भाऊ, तुम्ही बघितलेला हिस्टोग्राम एकूण उजेडाचा असणार. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे लावून बघा. स्क्रीनवर पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा मिळून. उन्हात अशा गडद पिवळ्यात लाल सगळ्यात आधी २५५ ला, म्हणजे कमाल मर्यादेला, जाऊन बसतो, आणि निळा शून्यावर. एकूण आलेख मात्र शहाण्यासारखा मधेच दिसतो. गालाच्या छटा सांगायला मग एकटा हिरवा उरतो.

जेपेग बाजूला ठेवा. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या. रॉ १४ बिटची असेल तर १६,३८४. आधी प्रोफाइल (रंगांची तयार सेटिंग) भडक व्हिव्हिडवरून साध्या न्यूट्रलवर आणा, निम्मं काम तिथेच होतं. मग एक्स्पोजर थोडं कमी करा, आणि रंगांच्या पॅनलमध्ये फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) उतरवा. निळा शून्यावरून वर आला की हाराच्या सावल्या परत दिसायला लागतील. उलटं वाटतं, पण रंग कमी केल्यावरच ती मूर्ती पिवळी दिसते. मी दरवर्षी मारबतीचे फोटो असेच करतो.

पोरांसाठी शॅडोज (गडद भाग) पूर्ण वर नेऊ नका, सगळा फोटो राखाडी होईल. त्यांच्यापुरता मास्क टाकून उजेड वाढवा.

फुटाळा_संध्याकाळ
माझा नियम सोपा आहे दादा: पांढऱ्या सदऱ्यावर व्हाइट बॅलन्सचा पिकर (पांढरा कोणता ते सॉफ्टवेअरला दाखवणारं टूल) टेकवायचा, ऑटोपेक्षा बरा.

महालकर
एरवी चालेल, इथे नको. मारबतीजवळच्या माणसाच्या सदऱ्यावर तिचा पिवळा उजेड पडलेला असतो. पिकर तोच पांढरा धरतो आणि सगळी गल्ली निळी पडते. मूर्तीपासून लांब, त्याच उन्हात असलेला सिमेंटचा खांब शोधा. तोही नसेल तर ५५०० केल्विनच्या आसपास हाताने ठेवा. आणि सदऱ्यावरचा तो पिवळा पुसू नका. ती किती मोठी आहे आणि माणसं तिला किती खेटून उभी आहेत, हे त्या पिवळ्यामुळेच कळतं.

काळ्या मारबतीला हेच उलटं. तिथे शॅडोज उचलायचा मोह होतो, पण काळी राखाडी झाली की तिचा दराराच जातो. काळ्याच्या आत तेलकट चमक असते तेवढी दिसू द्या, बाकी काळंच राहू द्या.

मिरवणूकवेडा
अण्णा, न्यूट्रल करून बघितलं. लाल अजून काठाला आहे, पण हिरव्यात गालावरचे ब्रशचे फटकारे आले! निळाही वर आलाय. सॉफ्टवेअर डार्कटेबल आहे, चालेल ना? आणि लॅबला कोणत्या रंगात द्यायचं?

महालकर
डार्कटेबल फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर एसआरजीबीत (नेहमीच्या स्क्रीनच्या रंगपद्धतीत) द्या. स्क्रीनचा ब्राइटनेस मात्र आधी निम्म्यावर आणा; झगझगीत स्क्रीनवर बरोबर वाटलेला फोटो कागदावर अंधारा येतो. सगळे एकदम टाकू नका. पिवळ्या मारबतीचा एकच छोटा प्रिंट आधी काढा, उन्हात नेऊन बघा. पिवळा ठीक वाटला की बाकीचे द्या.