पहिला गेमिंग पीसी: ८ जीबीचं नवं ग्राफिक्स कार्ड की १२ जीबीचं वापरलेलं?

घाटवाट (धागाकर्ता):
पहिल्यांदाच पीसी जोडतोय. रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर, एवढं ठरलंय. विकत अजून काहीच घेतलेलं नाही. कार्डाला बजेट २५ हजार, ताणून २८. व्हॅलोरंट आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) रोज, अधूनमधून स्टोरीवाले मोठे गेम. आरएक्स ७६०० (८ जीबी) नवं घ्यावं, आरटीएक्स ३०६० १२ जीबी वापरलेलं, की आर्क बी५८०? मत देताना कारणही सांगा.

पेठकर:
७६००, आणि फार विचार करू नका. १०८०पीवर ते ३०६०पेक्षा साधारण वीस-पंचवीस टक्के जास्त फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) देतं, वर वॉरंटी. व्हॅलोरंटला कार्डाची ४ जीबी मेमरीसुद्धा पुरते, तिथे अडतं ते प्रोसेसरपाशी. मोठ्या गेममध्ये मेमरी कमी पडली तर टेक्स्चर (पृष्ठभागांवरचे बारकावे) अल्ट्रावरून हायवर आणा. खेळताना फरक जाणवतही नाही.

वायरमन:
सहमत नाही. मेमरी शिल्लक असेल तर टेक्स्चर वाढवूनही फ्रेम जवळपास घटत नाहीत. इतकी फुकटात मिळणारी दुसरी सेटिंग नाही, आणि आधी तीच कापायची?

दुसरं, बोर्डाकडे कोणी बघितलंच नाही. ७६००ला आठच लेन (डेटाच्या वाटा) आहेत आणि बी४५०चा कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० या जुन्या पिढीचा. म्हणजे कार्ड आणि सिस्टिम रॅम यांच्यातला रस्ता सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा. कार्डाची स्वतःची मेमरी चालते २८८ जीबीने. ती ८ जीबी भरली की उरलेला डेटा या बोळातून ये-जा करतो. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात ७० फ्रेम दिसत असतात, पण कॅमेरा वळवला की झटका बसतो. म्हणून बेंचमार्क बघताना सरासरी सोडा, '१ टक्का लो' (सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा वेग) बघा. ३०६०ला सोळा लेन आहेत, त्यामुळे त्याच बोर्डावर रस्ता दुप्पट रुंद, आणि १२ जीबी असल्यामुळे तिथे जायची वेळच कमी येते.

पेठकर:
लेनचा मुद्दा मेमरी भरल्यावरचा आहे. न भरल्यास ३.० आणि ४.०मध्ये फरक किरकोळ. आणि ८ जीबीच्या विरोधात दरवेळी मार्च २०२३चा द लास्ट ऑफ अस पुढे केला जातो. तो पीसीवर आला तेव्हा कच्चा होता, नंतरच्या पॅचेसनी मेमरीचा वापर बराच सुधारला.

वायरमन:
तो सुधारला, पण २०२४चा इंडियाना जोन्स घ्या. त्यात ८ जीबीच्या कार्डावर 'टेक्स्चर पूल' (टेक्स्चरसाठी राखलेली मेमरी) खाली आणावाच लागतो, नाहीतर फ्रेम कोसळतात. हा पॅचचा विषय नाही.

कोकणकडा:
दोघंही बी४५० गृहीत धरून भांडताय. बोर्ड घेतलेला नाही ना? मग बी५५० घ्या. ५६००सोबत पीसीआयई ४.० मिळतं आणि आठ लेनमध्येही १६ जीबीचा वेग येतो. फक्त ५६००ऐवजी ५६००जी पदरात पडू देऊ नका. तो बी५५०वरही ३.०च देतो.

बी५८०ला १२ जीबी आहे, कागदावर सुरेख. पण त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर पडतो, आणि ५६००सारख्या प्रोसेसरवर काही गेममध्ये फ्रेम बऱ्याच गळतात. रिसाइझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवंच: बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचा बूट मोड) बंद, 'अबव्ह ४जी डिकोडिंग' चालू. रोज व्हॅलोरंट-सीएस२ खेळणाऱ्याला मी हे कार्ड सुचवणार नाही.

घाटवाट:
बी५५० परवडेल. मग ३०६० बाद का?

वायरमन:
बाद नाही. डीएलएसएसचं (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं, ३०६०वरचं एनव्हिडियाचं तंत्र) चित्र १०८०पीवर एफएसआर ३पेक्षा (७६००वरचं एएमडीचं तसंच तंत्र) स्वच्छ असतं, आणि ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकायचं असेल तर एनव्हिडियाच बरं. पण नीट तपासून घ्या. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा: मेमरी १२२८८ एमबी, बस १९२ बिट दिसलीच पाहिजे. याच नावाने ८ जीबी, १२८ बिटचं कार्डही निघालंय आणि ते बरंच हळू आहे. मग वीस मिनिटं पूर्ण लोड द्या. हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला भाग) मुख्य तापमानापेक्षा २० अंशांहून वर गेला तर थर्मल पेस्ट वाळली असण्याची शक्यता मोठी. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन दिसले तर मेमरी गेली, कितीही स्वस्त असलं तरी उठून या. मुंबई-गोव्याकडचं कार्ड असेल तर टॉर्च लावून हीटपाइपवर हिरवा कळंक आणि ब्रॅकेटवर गंज बघा.

पेठकर:
एवढी तपासणी पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याला जमेल? सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. ३०६०ही त्यात होती. वीस मिनिटांच्या चाचणीत पंख्याचं बेअरिंग किती झिजलंय ते कळत नाही. ७६००वर मी ठाम आहे, आता तर बी५५०सोबत.

कोकणकडा:
कुठलंही घ्या, दोन्ही १६५ ते १७० वॅट खातात. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो ३६० वॅटचा असतो. मॉनिटर धरून गेममध्ये भार त्याच्या काठावर जातो आणि लाइट गेली की ट्रिप होतो. १००० व्हीए घ्या. रॅम ८-८च्या दोन स्टिक, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. आणि मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला. ५६००मध्ये ग्राफिक्स नसल्यामुळे बोर्डाला लावली तर स्क्रीन काळीच राहील.

घाटवाट:
बी५५० पक्का. दुकानदाराने ३०६० समोर लोडवर चालवून दाखवलं आणि बिलावर सीरियल नंबर लिहून दिला तर ते, नाहीतर ७६००.