एडलरकडे कुठली डीएम होती?

पॅरास्टर्नल
"एको (हृदयाची सोनोग्राफी) काय, अँजिओग्राफी काय, दोन्ही हृदयरोगतज्ज्ञांचेच शोध. तेव्हा डीएम (एमडीनंतरची हृदयरोगातली पदवी) नसलेल्याने प्रोबला (छातीवर टेकवायच्या एकोच्या भागाला) हात लावू नये आणि रिपोर्टवर सहीही करू नये." ही पोस्ट सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतेय. निष्कर्षाचं नंतर बघू, आधी इतिहास तरी धड सांगा.

एको म्हणजे लुंड, स्वीडन, १९५३. इंगे एडलर हृदयरोगतज्ज्ञ, कबूल. मायट्रल झडपेच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) शस्त्रक्रिया नुकत्या सुरू झाल्या होत्या. झडप नुसती अरुंद आहे की गळतेयसुद्धा, हे छाती उघडण्याआधी नीट कळत नव्हतं, ही त्याची अडचण. पण यंत्राचं डोकं हेल्मुट हर्ट्झचं, आणि तो भौतिकशास्त्रज्ञ. माल्म्योच्या कॉकम्स जहाज कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र होतं, ते त्याने छातीला लावून पाहिलं. मग सीमेन्सकडून तसंच एक मिळवलं. वडील गुस्ताव्ह हर्ट्झ पूर्वी सीमेन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, ती ओळख कामी आली. २९ ऑक्टोबरला पहिला आलेख निघाला. त्यातली ठळक हलती रेघ आधी डाव्या कर्णिकेची भिंत समजली गेली. ती मायट्रलची पुढची पाकळी आहे, हे शवांवर ताडून पाहिल्यावर कळलं.

अँजिओ म्हणाल तर मेसन सोन्स, क्लीव्हलँड, १९५८. शिक्षण बालहृदयरोगांचं. डाय महाधमनीत सोडायचा होता, पण कॅथेटरचं टोक उजव्या कोरोनरीत (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीत) सरकलं आणि ३० मिलीच्या आसपास डाय थेट आत गेला. हृदय थांबलं. सोन्सने रुग्णाला खोकायला लावलं आणि ठोके परत आले. त्याआधी कोरोनरीत एवढा डाय गेला तर माणूस जाणारच, असं सगळे धरून चालायचे. त्याच्याही आधी फोर्समन, १९२९, एबर्सवाल्ड. मूत्रवाहिनीची ६५ सेंमी नळी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत घातली आणि चालत एक्स-रे काढायला गेला. १९५६ साली नोबेल मिळालं तेव्हा हा गृहस्थ युरॉलॉजिस्ट होता. त्याला कुठल्या कॅथलॅबमध्ये (अँजिओच्या खोलीत) उभं केलं असतंत?

डॉ_स्टेनोटिक
इतिहासाबद्दल आभार. पण शोध कुणाचा यावरून सही कुणाची हे ठरत नाही. त्या पोस्टलाही लागू, तुम्हालाही.

एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम तीन. त्या शेवटच्या तिनात प्रोब धरायला शिकत नाहीत, ते महिन्याभरात येतं. आकड्यावर अविश्वास ठेवायला शिकतात. एओर्टिक स्टेनोसिसच (महाधमनीची झडप अरुंद होणं) घ्या. एलव्हीओटीचा (झडपेच्या अलीकडच्या वाटेचा) व्यास २.० सेंमी, तिथला व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त जेवढं अंतर जातं ते) २०, झडपेवर ८०. झडपेचं क्षेत्र ०.७९ चौरस सेंमी, म्हणजे सिव्हिअर. व्यास मोजताना कॅलिपर (पडद्यावरची मोजायची खूण) तीन मिलिमीटर सरकला, २.३ झाला, की तेच क्षेत्र १.०४ येतं. मॉडरेट! व्यासाचा वर्ग होतो, चूकही त्याच हिशोबाने फुगते. रुग्ण निवांत घरी जातो आणि जिन्यात चक्कर येऊन पडतो. हे कोण पकडणार, दोन महिन्यांचा कोर्स केलेला?

टेक_नांदेड
प्रोब महिन्याभरात येतो म्हणे! साहेब, तुमच्या सहीखालची निम्मीअधिक चित्रं टेक्निशियनची असतात. फायगेनबॉमने साठच्या दशकात इंडियानात डॉक्टर नसलेल्यांना एको शिकवला, त्यातून सोनोग्राफर हा अख्खा पेशा उभा राहिला. आपल्याकडे रिपोर्टवर त्याचं नावही नसतं.

महिन्याभरात काय येत नाही ते सांगतो. एपिकल फोर-चेंबरमध्ये (चारही कप्पे दाखवणाऱ्या चित्रात) हृदयाचं टोक गोल, जाड आणि छान हलणारं दिसलं की समजा चित्र आखूड पडलंय. प्रोब एक फासळी खाली, थोडा बाहेर सरकवा, रुग्णाला पुरता डाव्या कुशीवर घ्या, श्वास सोडून थांबायला सांगा. खरं टोक निमुळतं असतं आणि फारसं हलत नाही. आखूड चित्रावर ईएफ (दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर जातं) ५५ येतो तिथे खरा ४५ निघतो, आणि टोकाची गुठळी दिसतच नाही. गादीला डावीकडे कापलेला कप्पा असला तर हे सोपं जातं. किती ठिकाणी आहे तो कप्पा?

डॉ_स्टेनोटिक
चित्र तुम्ही उत्तम घेता, वाद नाही. अर्थ लावणं वेगळं.

टेक_नांदेड
डॉप्लरचा (रक्ताचा वेग मोजायच्या लहरींचा) कोन ३० अंश चुकला की सेकंदाला ४.२ मीटरचा वेग ३.६ दिसतो, ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ७० वरून ५३ वर येतो. आता त्या ५३चा कितीही अर्थ लावा. उजव्या पॅरास्टर्नलमधून (छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडून) पेन्सिल प्रोबने पुन्हा बघायचं असतं, रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून. तो प्रोब बऱ्याच ठिकाणी खोक्यातून बाहेरही निघालेला नसतो.

एक्सरेवाला
दोघांचं भांडण चालू द्या, पण अँजिओत रोज वापरता ती जडकिन्स कॅथेटरं (जेएल ४, जेआर ४) एका रेडिओलॉजिस्टची, १९६७ची. हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

आता कॅल्शियम स्कोअर (कोरोनरीत साठलेलं कॅल्शियम सीटीवर मोजणारा आकडा). १९९० साली ॲगॅटस्टनने मांडला, हृदयरोगतज्ज्ञ, सोबत रेडिओलॉजिस्ट. पण त्यातल्या खोड्या सीटीच्या आहेत. १३० हाउन्सफील्डच्या (सीटीवरच्या घनतेचं एकक) वरचा ठिपका धरायचा, क्षेत्राला घनतेच्या गटाने गुणायचं: १३० ते १९९ला १, २००पासून २, ३००पासून ३, ४००च्या पुढे ४. म्हणजे ८ चौरस मिमीच्या ठिपक्यात कमाल घनता २९९ असेल तर स्कोअर १६, ३०० झाली की २४. एका पिक्सेलच्या नॉइजवर (चित्रातल्या खरखरीवर) दीडपट! जाड रुग्णात नॉइज वाढतोच. कुणी डोस वाचवायला १२०ऐवजी १०० केव्ही (एक्स-रेचा व्होल्टेज) लावला की कॅल्शियम आणखी उजळ दिसतं. हे न बघता नुसता आकडा वाचून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) लिहिणारे डीएम आहेतच की. आणि त्याच सीटीत फुफ्फुसाचा मोठा भाग येतो, तो कोण वाचतो?

पॅरास्टर्नल
पिक्सेलचा मुद्दा रोचक. आता 'ग्रेड वन एलव्हीडीडी'बद्दलही (हृदयाचा डावा खालचा कप्पा सैल होऊन भरण्यातला पहिल्या पायरीचा दोष) बोला कुणीतरी. साठी उलटलेल्या प्रत्येकाच्या रिपोर्टवर आधीच छापलेलं असतं: एलव्हीईएफ (म्हणजे ईएफच) ६०, नो आरडब्ल्यूएमए (भिंतींची हालचाल ठीक), ट्रिव्हियल एमआर (मायट्रलची किरकोळ गळती), ग्रेड वन. गुडघ्याच्या ऑपरेशनआधीचा फिटनेस असला तरी.

डॉ_स्टेनोटिक
ई-ए (कप्पा भरताना रक्ताच्या पहिल्या आणि दुसऱ्या लाटेच्या वेगांचं प्रमाण) उलटलेलं दिसतं, तेच लिहितात. वयाने उलटतंच.

पॅरास्टर्नल
मग तो आजार कसा? २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट होती. ईएफ नॉर्मल असेल तर चार गोष्टी बघा: ई-प्राइम (भरताना झडपेजवळच्या स्नायूचा वेग) सेप्टल म्हणजे मधल्या पडद्याशी ७च्या किंवा लॅटरल म्हणजे बाहेरच्या भिंतीशी १०च्या खाली, सरासरी ई भागिले ई-प्राइम १४च्या वर, टीआरचा (उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेच्या गळतीचा) वेग २.८च्या वर, डाव्या कर्णिकेचं इंडेक्स केलेलं (शरीराच्या आकाराने भागलेलं) आकारमान ३४च्या वर. निम्म्याहून जास्त होकारार्थी आल्या तर डिसफंक्शन. ई-ए त्यात नव्हतंच, ते ग्रेड ठरवायला नंतर यायचं. रुग्ण मात्र 'डिसफंक्शन' वाचून हार्ट फेल्युअर शोधत बसतो, आणि विमावाला प्रीमियम वाढवतो.

डॉ_स्टेनोटिक
ओपीडीत चाळीस रुग्ण रांगेत असताना कर्णिकेचं बायप्लेन (दोन चित्रांवरून मोजलेलं) आकारमान काढून दाखवा, मग बोलू.

टेक_नांदेड
म्हणजे अकरा वर्षं शिकून शेवटी टेम्प्लेट?

डॉ_स्टेनोटिक
जीभ सांभाळा. टेम्प्लेट तुमच्याच मशीनमध्ये असतं, आणि बटण तुम्हीच दाबता.

टेक_नांदेड
बटण दाबतो, सही करत नाही. तुम्हीच म्हणालात ना, सही महत्त्वाची?

एक्सरेवाला
हृदयाचा प्रोब असला तरी यंत्र पीसीपीएनडीटीत (गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली) नोंदवावं लागतं, त्या कागदांवर प्रत्येक माणसाचं नाव चालतं. रिपोर्टवर तेवढं नको.

डॉ_स्टेनोटिक
बरं. सरसकट ग्रेड वन लिहिणं चूक, हे मान्य, जास्त उड्या मारू नका. चित्र घेणाऱ्याचं नाव छापायलाही हरकत नाही. पण खाली सही डीएमचीच, कारण कोर्टात टेक्निशियनला कुणी बोलावत नाही.

टेक_नांदेड
नावासोबत एलव्हीओटीचा व्यासही छापा, झूम करून घेतलेल्या फ्रेमसकट. सहा महिन्यांनी झडपेचं क्षेत्र 'वाढलेलं' दिसलं तर कॅलिपर कुणाचा सरकला ते तरी कळेल.

एक्सरेवाला
आणि सीटीतलं फुफ्फुस? त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.