पोराची हुशारी शर्टावरून ठरते का?

टिळकवाडीकर : आपली सीमाभागातली पोरं पुण्यात मुलाखतीला मागे पडतात. ढगळ शर्ट, सँडल, मान खाली. आधी कपडे सुधारा, मग नोकरीचं बोला.

खानापूरकर : हे वाचून राहवलं नाही. माझे आजोबा मळकं धोतर नेसून कचेरीत जायचे. एकदा पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, भावकीतल्याचं नाव चढवलेलं. कारकून म्हणाला, सगळं बरोबर आहे. आजोबांनी कन्नड ओळीवर बोट ठेवलं आणि नाव मोठ्यानं वाचलं. कारकून उठून उभा राहिला. हा खरा स्मार्ट माणूस.

टिळकवाडीकर : मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच बेळगावात आहे. खेड्यातलं पोर कडक गणवेशात आलं की चाल बदलते, हे रोज बघतो.

खानापूरकर : चाल कवायतीनं बदलते हो! पहाटे उठवतात, शिस्त लावतात.

वडगावचा विणकर : कपड्यावर भांडूलालाय, पण विणणाऱ्याचं काय? वडगाव, खासबाग, शहापुरात घरोघरी माग होते. आता लग्नाचा बस्तासुद्धा सुरतच्या साड्यांचा. माझा माग भंगारात गेला.

निपाणीची : दादा, वाईट वाटलं. पण खानापूरकर, आजोबांचं कन्नड अभिमानानं सांगता, मग पोरांनी शिकायचं म्हटलं की नाक का मुरडता?

खानापूरकर : कारण तो हक्काचा प्रश्न आहे! १५ टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असले की सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, असं केंद्र सरकारनं कधीच ठरवलंय. इथं मराठीत कागद मिळतो का?

निपाणीची : नाही मिळत, आणि मलाही चीड येते. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तोवर फॉर्म कोण भरणार? माझी लेक रडतरडत कन्नड शिकली. आज गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका पेन्शनचे कागद घेऊन तिच्याकडेच येतात. ती जुन्या ड्रेसवर, दारात बसून लिहून देते.

खानापूरकर : लेकीचं कौतुकच आहे. शिकावं, पण कुणी लादलं म्हणून नाही. मराठीत कागद मागणं मी सोडणार नाही.

निपाणीची : सोडा म्हटलंय कुणी?

टिळकवाडीकर : मूळ मुद्दा राहिला. मुलाखतीला नीट जावं की नाही?

खानापूरकर : जावं. इस्त्रीचा शर्ट घालावा, तेवढं मान्य. पण सँडल बघून तुम्ही पोरांची लायकी काढलीत, ते आधी मागे घ्या.