हुरड्यासाठी तासाभराचा निवांत फंक मिक्स: बीट सुटतात, काय करावं?

आगटी, लातूर
नमस्कार मंडळी. पौषात शेतावर हुरडा आहे. आगटीभोवती गप्पा चालू असताना मागे हळू वाजत राहील असा तासाभराचा फंकचा (ठेक्यावर भर असलेलं अमेरिकन संगीत) मिक्स, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात शिरत जाणारं रेकॉर्डिंग, करायचाय. फक्त वाद्यं, गाणारं कोणी नको. बुकर टी. अँड द एमजीज, द मीटर्स, बॉब जेम्स, हर्बी हॅनकॉक यांच्या रेकॉर्ड्स आहेत. अडचणी दोन. बीट जुळवले तरी दहा-बारा सेकंदांत टापांसारखे पुढं-मागं पडायला लागतात. आणि अमेरिकेतून आलेल्या एका बेल्टवाल्या टर्नटेबलवर सगळंच जड, रडकं ऐकू येतं. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय.

काळी तबकडी, परभणी
भाऊ, बीट सुटतात यात तुमच्या हाताचा दोष नाही. तेव्हाचे ड्रमर क्लिक (ठरावीक वेगाची टिकटिक) ऐकून वाजवत नव्हते. मिनिटाला 92 मात्रांवर उचललेलं गाणं 95 वर संपतं, त्यामुळं लांब मिसळायचा नादच सोडा. चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे 16 मात्रा, आपल्या तीनतालाएवढं एक आवर्तन. जाणाऱ्या गाण्याचं शेवटचं आवर्तन लागलं की नवीन गाणं बेस (खालचे घुमणारे सूर) पूर्ण कापून बरोबर समेवर सोडा. नवव्या मात्रेला जुन्याचा बेस खाली, नव्याचा वर. सोळा भरल्या की जुनं बंद. फंकचा सगळा भार पहिल्या मात्रेवर असतो, ती सापडली की बाकीचं कान सांभाळून घेतो. पण दोन बेस एकत्र वाजले तर नुसता चिखल होतो.

वेग मोजायला 32 मात्रांना किती सेकंद लागतात ते बघा आणि 1920 ला त्या आकड्यानं भागा. 20 सेकंद लागले तर 96. प्रत्येक गाणं सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा मोजून आतल्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहा. जुळवायचा असतो तो जाणाऱ्या गाण्याचा शेवट आणि येणाऱ्याची सुरुवात. सरासरीचा इथं काही उपयोग नाही. पिच (टर्नटेबलवरचा वेग कमी-जास्त करायचा खटका) 2-3 टक्क्यांच्या पलीकडं नेऊ नका. 6 टक्क्यांना सूर जवळपास अर्ध्या स्वरानं सरकतो आणि ऑर्गन लगेच परका वाटतो.

बुकर टी.चं ‘ग्रीन अनियन्स’ (1962) बारा बारांच्या ब्लूजवर आहे, म्हणजे आवर्तन 48 मात्रांचं. सोळाच्या हिशेबानं त्यातून बाहेर पडलात तर मधेच तोडल्यासारखं वाटेल. त्याचा वेगही बाकीच्यांत बसत नाही, म्हणून ते अगदी पहिलं, एकटंच ठेवा. ते संपू द्या, मग मीटर्सचं ‘सिसी स्ट्रट’ (1969), साधारण 90. तिथून बॉब जेम्सचं ‘नॉटिलस’ (1974). बुकर टी.चंच ‘मेल्टिंग पॉट’ (1971) आठ मिनिटांच्या वर आहे, ते मधोमध पूर्ण वाजू द्या. हॅनकॉकचं ‘कमीलियन’ (1973) पंधरा मिनिटांच्या वर जातं. अख्खं लावलं तर पाव तास त्यातच गेला. सुरुवातीचा सिंथ-बेसचा भाग घ्या.

टोनआर्म, छत्रपती संभाजीनगर
टर्नटेबलचं बघू. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मोटर एसी सिंक्रोनस असेल तर तिचा वेग विजेच्या वारंवारतेवर चालतो. तिकडं 60, आपल्याकडं 50. म्हणजे 33⅓ ची तबकडी 27.8 नं फिरते आणि सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो. त्या मॉडेलची 50 हर्ट्झची पुली मिळवा. मिळाली नाही तर लेथवाल्याकडून 1.2 पट व्यासाची करून घ्या; घेर जराही वाकडा राहिला तर आवाज लहरत राहील.

शेतावर टर्नटेबल नेऊच नका. हुरडा चोळताना उडणारा भुसा, आगटीची राख, सगळं खाचांत बसतं. मिक्स घरी रेकॉर्ड करून न्या, सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर −6 डेसिबलच्या आसपास ठेवून. 45 च्या सिंगल्स (मिनिटाला 45 फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या) बहुधा एलपीपेक्षा (33⅓ च्या मोठ्या तबकड्या) मोठ्यानं कापलेल्या असतात, तेव्हा प्रत्येक रेकॉर्डचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) आधी हेडफोनवर जुळवा.

आणि रेकॉर्ड्स बोअरच्या पाण्यानं धुऊ नका. आपलं पाणी जड. वाळलं की खाचांत पांढरा क्षार राहतो आणि तो कायम करकरतो. शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचाच.

आगटी, लातूर
मोटर उघडून पाहिली, 60 हर्ट्झच लिहिलंय. पुली शोधतो. द जेबीजचं (जेम्स ब्राउनचा बँड) ‘पास द पीज’ (1972) चालेल का?

काळी तबकडी, परभणी
चालेल, पण सुरुवातीला बोलणं आहे. सुई त्याच्या पुढं, बँड उचलतो तिथं टेकवा आणि ती जागा मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजून पाकिटावर लिहा. मधेही आवाज येतात, तेव्हा निव्वळ वाद्यांचाच आग्रह असेल तर हे सोडा आणि मीटर्सचं ‘सोफिस्टिकेटेड सिसी’ घ्या. संथ आहे, शेवटाला फार छान बसेल.