पेटीतला कण: सूत्र म्हणतं ५२४, मी मोजले तर ४१०!

फोंड्याचा_पोर:
टीवायला आहे, फिजिक्स. परवा स्टॅट मेकचा (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) पेपर आणि मी एकाच पानावर अडकलोय. घनाकार पेटीत कण कोंडला की त्याची ऊर्जा एनएक्स, एनवाय, एनझेडच्या वर्गांच्या बेरजेवर ठरते, तिन्ही पूर्णांक, १ पासून सुरू, आणि अशी प्रत्येक तिकडी म्हणजे एक स्टेट (कणाची एक शक्य अवस्था) नि जागेतला एक बिंदू, इथवर ओके. पुढे पुस्तक म्हणतं आर त्रिज्येच्या गोलाचा आठवा भाग घ्या, म्हणजे पाय आर घन भागिले ६, झाल्या स्टेट्स मोजून. काल लाइट गेलेली (पाऊस, दुसरं काय) तर उरलेल्या बॅटरीवर आतले बिंदू एकेक मोजायला पायथनमध्ये तीन लूप लावले, आर १०. सूत्र ५२४ देतं, लूप ४१०. कोड तीनदा तपासला. वर दुसऱ्या पुस्तकात अख्खा गोल घेतलाय! कोण खरं?

ताळगाव_पठार:
कोड बरोबर आहे रे, मीपण चालवला. आठवा भाग अशासाठी की एन ऋण घेतला तर वेव्हफंक्शनमधल्या (कणाच्या लाटेतल्या) साइनचं फक्त चिन्ह उलटतं, स्टेट तीच. आणि शून्य घेतला तर वेव्हफंक्शनच शून्य, पेटीत कणच नाही.

चिरेखाण:
आमच्या मागीलदारी कंपाउंडचे चिरे कोपऱ्यात रचून ठेवलेत, त्यावरूनच सांगतो. चिरा घनाकार धर (खरा लांबट असतो, चालवून घे). १,१,१ म्हणजे अगदी कोपऱ्यातला चिरा, आणि तो बिंदू म्हणजे त्या चिऱ्याचं कोपऱ्यापासून सगळ्यात लांबचं टोक. आता कोपरा केंद्र धरून १० चिऱ्यांएवढ्या त्रिज्येचा गोल काढ. टोक आत असेल तरच अख्खा चिरा आत. तुझा लूप अख्खे चिरे मोजतो, सूत्र घनफळ मोजतं, त्यात गोलाच्या पाठीवर कापले गेलेले तुकडेपण आले. ११४ चिऱ्यांएवढे तुकडे निघाले बघ!
सूत्रातून ३ पाय आर वर्ग भागिले ८ वजा कर, ४०६ येतील, ४१० च्या बरेच जवळ. ही चूक घनफळाच्या मानाने साधारण २.२५ भागिले आर एवढी, म्हणून आर १० ला बोंब. १ सेंमीच्या तांब्याच्या तुकड्यात फर्मी ऊर्जा (इलेक्ट्रॉनांनी भरलेली सगळ्यात वरची पातळी) ७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, तिथे आर चार कोटींवर जातो. मग तुकडे कोण मोजतंय.

ताळगाव_पठार:
वा पात्राव, हे आम्हाला वर्गात असं कुणी सांगितलं नव्हतं. अख्ख्या गोलाचं राहिलं: त्या पुस्तकात भिंती नाहीत, पिरियॉडिक अट आहे (लाट एका टोकाला जशी संपते तशीच दुसऱ्या टोकाला सुरू). तिथे लाटा धावणाऱ्या, डावीकडे जाणारी वेगळी नि उजवीकडे जाणारी वेगळी, म्हणून ऋण एनपण मोजायचे, शून्यही चालतो. पण के (वेव्हनंबर) मधलं अंतर पाय भागिले एल (पेटीची बाजू) ऐवजी दोन पाय भागिले एल, म्हणजे चिरा आठपट मोठा. गोलही आठपट. उत्तर तेच.

फोंड्याचा_पोर:
आत्ता आर १०० ला चालवलं, फरक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आला, चिऱ्यांचं पटलं 😄 एकच, इलेक्ट्रॉन असेल तर शेवटी २ ने गुणायचं ना?

चिरेखाण:
हो, स्पिनसाठी (वर नि खाली असे दोन). आणि प्रश्नात नुसता 'कण' म्हटलं असेल तर गुणू नको, तिथेच मार्क जातात.